बाबांची ऐनाची लाकडं

माझं माहेर निमगाव सावा आणि सासर घाटघर. तालुका एकच, जुन्नर. पण माहेरी लोक आभाळाकडं बघतात ते पाऊस येतो का म्हणून, आणि सासरी बघतात ते जातो का म्हणून. हा फरक मला लग्नाआधी कुणीतरी नीट समजावून सांगायला हवा होता. सांगितला असता तरी मी ऐकलं नसतं, हेही खरं.

माहेरी जळण हा काळजीचा विषय कधी नव्हताच. बांधाला बाभळी, शेतात तुराट्या, दाणे काढलेली मक्याची कणसं पोत्यानं पडलेली. आमच्याकडं अंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब होता. उभी गोल टाकी, तिच्या पोटातून वर गेलेली नळी, नळीत वरून लाकडाच्या ढलप्या टाकायच्या, खाली राखेत निखारे पडत राहायचे आणि तोटी फिरवली की कढत पाणी. तो रोज पहाटे मी पेटवायची आणि एका काडीत पेटवायची, याची मला मोठी घमेंड होती. लग्नात वडिलांनी फ्रीज देऊ केला तर मी म्हटलं, मला बंब द्या. घाटघरात वीज पाहुण्यासारखी येते असं ऐकलं होतं. फ्रीजचं काय लोणचं घालायचं होतं का!

लग्नानंतर काही वर्षं आम्ही नारायणगावला खोली करून राहिलो, कारण नवरा तिथल्या गॅरेजमध्ये कामाला होता. सासूबाई गेल्या आणि घाटघरच्या घराला कुलूप लागायची वेळ आली, तेव्हा आम्ही बिऱ्हाड उचलून वर आलो. भाताची खाचरं होती, थोडी नाचणी होती, दोन गाई होत्या. नवरा मोटारसायकलवरून जुन्नरच्या गॅरेजला जाऊ लागला आणि मी घर ताब्यात घेतलं.

ताब्यात घेतलं म्हणजे काय, तर सासूबाईंची चूल होती तिथं ओटा घातला आणि गॅस ठेवला. चुलीच्या वर बांबूचा एक माळा होता, धुरानं काळाकुट्ट झालेला. त्याच्यावरून काजळी सुटून पिठात पडायची. एका दुपारी मी तो माळा नवऱ्याकडून सोडवून घेतला आणि त्याचे बांबू तोडून बंबात घातले. झकास पेटले. इतके कसे काय पेटले, याचा विचार मात्र माझ्या डोक्यात आला नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून बाबांचं घर होतं. नवऱ्याचे ते लांबचे चुलते, पण सगळी वाडी त्यांना बाबाच म्हणायची. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी मढला दिलेली. एकटे राहायचे, स्वतःची भाकर स्वतः थापायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची खोडी काढायचे. वयाचा विषय निघाला की म्हणायचे, "आमच्या गवऱ्या कवाच मसणात गेल्या. आमीच मागं रायलो." माळा सोडवताना ते दारात उभे राहून बघत होते. जाताना म्हणाले, "सूनबाय, पावसाळ्याची सोय काय?"

पावसाळ्याची सोय मी केली होती. वैशाखात वडिलांनी पिकअप भरून बाभळीचं सरपण पाठवलं होतं. त्याच्याबरोबर शेततळ्याचा उरलेला काळा कागदही पाठवला, जाडजूड. ज्या कागदातून तळ्याचं पाणी झिरपत नाही, त्यातून पाऊस काय आत येणार? मी पोटुशी होते, सातवा सरत आलेला. तरी उभं राहून नवऱ्याकडून लाकडं मागच्या भिंतीला रचून घेतली. खाली कागद, वर कागद, चारी बाजूंनी दुमडून, दोरीनं करकचून बांधून वर दगड. कुठं फट म्हणून ठेवली नाही.

बाबा पुन्हा आले. गठ्ठ्याभोवती एक फेरी मारली. "आगं, त्याला वारा न्हाई लागायचा. जीव गुदमरंल त्याचा. घरात घे, वर चढव, धुरात ठेव."

"बाबा, लाकडाला कसला जीव? आमच्याकडं असंच ठेवतात," मी म्हटलं. आवाजात जेवढा तोरा मावतो तेवढा होता.

"तुमच्याकडं ठेवत असत्याल," ते म्हणाले आणि निघून गेले.

आता आठवलं की माझीच मला लाज वाटते. मी कांदे पिकवणाऱ्याची मुलगी. आमची कांद्याची बराख, म्हणजे साठवणीची चाळ, वितीवितीवर फटी ठेवून बांधलेली असते, जमिनीपासून हातभर उचललेली असते, कारण कोंडलेला कांदा घाम धरतो आणि सडतो. हे मला चालता येण्याआधीपासून माहीत होतं. पण कांद्याला लागू होतं ते लाकडालाही लागू होतं, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. शहाणपण एका खिशातून दुसऱ्या खिशात आपोआप जात नाही.

आषाढात मी जुन्नरला दवाखान्यात बाळंत झाले. मुलगी झाली. पहिला मुलगा माहेरी झाला होता, आणि दुसरं बाळंतपण सासरी असा आमच्यात रिवाज. थोरला माझ्या आईकडं ठेवला होता. गुडघ्यांमुळं तिला वर येणं जमणार नव्हतं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं, "बाळ हलकं आहे. उबेत ठेवा. आणि धुरापासून लांब." मी मान हलवली. ऊब तर ऊब, माझ्याकडं पिकअपभर बाभूळ होती.

आम्ही घरी पोचलो त्या दिवसापासून पाऊस थांबला नाही. घाटघरचा पाऊस वरून पडत नाही, नाणेघाटाकडून आडवा येतो आणि भिंतीतून आत शिरतो. वीज पहिल्याच दिवशी गेली. अंथरूण, लंगोट, दुपटी, सगळं दमट. सिलिंडर तिसऱ्या दिवशी संपला आणि खाली रस्त्यावर दरड आल्यामुळं दुसरा वर येईना. नवऱ्यानं मागं जाऊन कागद सोडला. परत आला तेव्हा त्याच्या हातातल्या लाकडावर पांढरी बुरशी होती आणि सालीखालून पाणी ओघळत होतं. कागदाच्या आतल्या बाजूला थेंबांची रांग लागली होती, असं तो म्हणाला. बाहेरचा पाऊस आत गेलाच नव्हता. आतलंच पाणी आत कोंडलं होतं.

त्यानं बंब पेटवायला घेतला. काडेपेटी संपवली. फुंकून फुंकून त्याचे डोळे लाल झाले, आणि पडवीतून जो धूर उठला तो थेट आमच्या खोलीत. मुलगी खोकायला लागली. एवढीशी छाती, ती खोकताना पूर्ण आकसायची. मी तिला पदराखाली घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात गेले, धूर तिथंही आला. तिचे तळपाय गार पडले होते. मी ते माझ्या पोटाला लावून बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच शहाणपणाची इतकी भीती वाटली. दुसऱ्या कुणाचा दोष असता तर मी तोंड सोडलं असतं. इथं कुणाला बोलणार?

आषाढात आमच्याकडं कुणी कुणाला जळण मागत नाही. मीठ मागतील, तांदूळ मागतील, पण लाकूड नाही, कारण ज्याचं त्याला जेमतेम पुरतं. म्हणून आम्ही मागितलं नाही. पण धूर सांगतोच. दुपारपर्यंत वाडीतल्या बायका डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन एकेक आल्या. प्रत्येकीच्या पदराखाली चार-दोन काटक्या. त्यांतली एकही मला, "तुला सांगितलं होतं ना," असं म्हणाली नाही. त्यांचं हे ऋण वेगळंच आहे. त्या काटक्यांवर तो दिवस निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून कुऱ्हाडीचे आवाज यायला लागले. थोड्या वेळानं बाबा पाटीभर ढलप्या घेऊन पडवीत आले. काळसर, गुळगुळीत, हाताला हलक्या. त्यांनी दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या, टण्णकन आवाज झाला. "ऐनाचं लाकूड हाय," ते म्हणाले. "पेटव."

बंब पहिल्या काडीला पेटला. धूर म्हणाल तर नावाला. पाणी तापलं, मुलीला न्हाऊ घातलं, वाडीतल्या एका म्हातारीनं तिला चोळून दिलं, आणि बंबाखालचे निखारे शेगडीत काढून बाजेखाली ठेवले. शेगडीवर ओवा टाकला. तासाभरानं मुलीचे तळपाय तांबूस झाले आणि ती पहिल्यांदा पोटभर प्यायली. मी रडले. बाबा तोवर निघून गेले होते.

मग रोज तेच. सकाळी कुऱ्हाड, मग पाटी. एकदा मी म्हटलं, "बाबा, इतकी ऐनाची लाकडं तुम्ही आणलीत कुठून?"

"हायत पडलेली," ते म्हणाले. "तू पोरीकडं बघ."

मी पोरीकडं बघितलं आणि लाकडाचा विचार सोडून दिला. ज्याला मिळतं तो फारसं विचारत नाही. मीही त्यातलीच.

बाराव्या दिवशी पाऊस जरा उघडला, रस्ता मोकळा झाला आणि बारशाला बाबांची मुलगी मढहून आली. आधी वडिलांच्या घरात गेली, पिशवी ठेवायला. बाहेर आली ती पांढरीफटक पडून. पाळण्याशी न येता सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

"माळ्यावरची लाकडं कुठायंत?"

मला काही कळेना. मी पडवीतल्या पाटीकडं बोट दाखवलं. तिनं त्यातली एक ढलपी उचलली आणि मटकन खाली बसली.

"ही बाबांची हायत," ती म्हणाली. "त्यांच्या सरणाची."

मग तिनं सांगितलं ते असं. इथं प्रत्येक घरात माळ्याचा एक कोपरा राखलेला असतो. भर पावसात कुणी गेलं तर घरटी एक-दोन ओंडके जातात. बाबांची बायको गेली ती अशाच झडीत. त्या साली सगळ्यांचीच लाकडं कमी पडलेली, जी होती ती दमट. सरण पेटेना. रॉकेल ओतलं, जुने टायर आणले, सकाळची दुपार झाली आणि दुपारची संध्याकाळ. बाबा तिथं उभे होते. त्यानंतर त्यांनी स्वतःची लाकडं स्वतः जमवायला घेतली. सरळसोट ऐनाचे ओंडके, एकेक निवडून आणलेले, माळ्यावर रचून तीन पावसाळे धूर दिलेले. मुलीला त्यांनी एकच गोष्ट सांगून ठेवली होती: माझ्यापायी कुणाला फुंकत बसायला लागू नये.

आणि मी ती बाळंतिणीच्या अंघोळीला जाळली होती.

मी ओली बाळंतीण, तशीच उठून त्यांच्या दारात गेले. म्हटलं, "बाबा, उरलेली लाकडं परत माळ्यावर ठेवा. मी एक ढलपी घेणार नाही."

ते जमिनीवर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी नुसतं कोपऱ्याकडं बघितलं. कोपऱ्यात ढलप्यांचा ढीग होता, माझ्या कमरेएवढा. एकही ओंडका शिल्लक नव्हता. रोज लागतात त्याहून जास्त फोडत त्यांनी सगळे बारीक करून ठेवले होते. "सरणाला ढलप्या चालत न्हाईत," ते म्हणाले. "आता काय चिटकवतीस?"

"बाबा, पण तुमचं काय?"

"माझं काय? मेल्याला थंडी वाजती व्हय? जा, वाऱ्यात उभी राहू नगं. आणि हे बघ, मी काय यंदा जात न्हाई. लाकूड तयार व्हतं तवा न्हाई गेलो, आता तर सबबच झाली."

ते हसत होते. मला हसू येत नव्हतं. मी त्यांच्या पाया पडले, आणि आमच्या घरात कुणाच्या पाया पडताना डोकं खरंच जमिनीला लागतं असं फारसं होत नाही. त्या दिवशी लागलं.

श्रावण आणि भादवा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. मुलगी बाळसं धरत होती, त्यांच्याच लाकडावर. पण पलीकडून खोकल्याची ढास ऐकू आली की मी हातातलं काम टाकून भिंतीला कान लावायची. मी त्यांना दोन्ही वेळचं गरम जेवण द्यायला लागले, पावसात बाहेर पडले तर ओरडायला लागले. ते वाडीत सांगत सुटले, "सून लई जपती मला. मेलो तर तिची पंचाईत हाय." दसरा आला, आभाळ मोकळं झालं, आणि मी देवापुढं नारळ फोडला. बाबांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत विचारलं, "कशाचा गं नारळ?" मी म्हटलं, असाच.

होळीनंतर आम्ही माळा पुन्हा बांधला. ओट्याच्या बाजूला चूल घातली, तिच्यावर बांबू, बांबूंत बोटबोटभर फट. काजळी पिठात पडते. पडू दे. मी पीठ झाकून ठेवते. मग बाबा मला लाकूड शिकवायला लागले आणि मी, निमगावची बंबवाली, पहिलीच्या पोरासारखी त्यांच्यामागं फिरायला लागले. हिरड्याला हात लावायचा नाही, तो वर्षाला चार पैसे देतो. उंबर जाळायचं नाही. बिब्ब्याचं लाकूड तर भाऱ्यात चुकून आलं तरी काढून टाकायचं, धुरानं अंग सुजतं. सावर आणायची नाही, भुर्रकन जळते आणि ऊब देत नाही. उभं झाड तोडायचं नाही. वठलेलं, वाऱ्यानं पडलेलं घ्यायचं. टोकाला भेगा बघायच्या. साल नखानं सुटते का बघायची. मग लाकूड गालाला लावायचं. वाळलेलं लाकूड गालाला काहीच सांगत नाही, ओलं गार लागतं. मला वाटायचं ते चेष्टा करतायत. पण बोटांना जे कळत नाही ते गालाला कळतं, हे मी आता छातीठोकपणे सांगते.

पहिल्या वर्षी मी त्यांच्या सरणासाठी आणलेल्या लाकडांतली निम्मी त्यांनी परत पाठवली. "हे वलं हाय. हे किडलंय. हे बाहेरनं वाळलंय, आतनं न्हाई. मला जळायचंय, शिजायचं न्हाई." मी चिडायची, परत जायची, परत आणायची. नवरा ओंडके वर चढवायचा. मृगाच्या आधी त्यांच्या माळ्यावर नीट थर लागला, तेव्हा मला मुलीच्या बारशाला झाला नव्हता एवढा आनंद झाला.

तुम्हाला वाटेल, झाली परतफेड. मलाही वाटलं होतं. गेल्या पावसाळ्यात खालच्या वाडीतली एक म्हातारी श्रावणात गेली. तिच्या घरचं छप्पर गळून लाकडं भिजली होती. सकाळी कुणी काही मागायच्या आत बाबांनी आपला माळा रिकामा करून दिला. मी शेतावरून आले तेव्हा सगळं झालेलं होतं.

मी त्यांच्यावर अक्षरशः धावून गेले. "ती मी तुमच्यासाठी निवडली होती! एकेक!"

"मला दिलीस ना? मग माझी झाली. मी दिली," ते म्हणाले. आणि वर, "लई चांगली पेटली बरं का. लोक इचारत व्हते कुणी वाळवली."

यावर भांडणार तरी काय? मी आमच्या माळ्यावरचा राखीव कोपरा उतरवला आणि त्यांच्या माळ्यावर चढवला. तोंडानं मी बडबडत होते, पण खरं सांगते, मनात राग नव्हता. मला एवढंच कळत होतं की माझी मुलगी अंगणात पळतेय ती ज्या हातामुळं, तो हात काही आता बदलायचा नाही.

यंदाच्या चैत्रात आम्ही पुन्हा त्यांचा माळा भरत होतो. त्यांना आता चढवत नाही. ते खाली घोंगडीवर बसले होते आणि मी एकेक ओंडका त्यांच्यापुढं धरायची. तासभर झाला तरी त्यांनी एकही परत पाठवला नाही. मला शंका आली. म्हटलं, "बाबा, बघताय ना नीट? नजर अधू झाली का?"

"न्हाई बघत," ते म्हणाले. "तू बघितलंयस ना."

मी पुढचा ओंडका वर दिला. मग ते म्हणाले, "एक काम हाय. मी गेल्यावर सरण तू रचायचं."

मला वाटलं, पुन्हा खोडी. आमच्याकडं बायका मसणवटीत जात नाहीत. मी तसं बोलूनही दाखवलं.

"ठावं हाय मला. मी वाडीत सांगून ठिवलंय, पोरीलाबी सांगितलंय. पेटवायला कुणीबी पेटवंल. पर खाली कुठलं, वर कुठलं, वाऱ्याला वाट कुठनं ठेवायची, हे तुला कळतं. माझी बाय गेली तवा वारा ठेवायला कुणी न्हवतं." ते माझ्याकडं बघत होते, आणि चेहऱ्यावर नेहमीचं हसू नव्हतं. "येशील ना?"

वर माळ्यावर नवरा हात थांबवून बसला होता. माझ्या हातात ओंडका होता. तो खाली ठेवून मी त्यांच्यापाशी बसले.

"येईन," म्हटलं.

"मग झालं," ते म्हणाले, आणि घोंगडीवर आडवे होऊन घटकाभरात घोरायला लागले. उरलेली लाकडं आम्ही दोघांनी चढवली.